शून्य ते शून्य

"मॅडम, चपला इथंच काढू का?"

मान वर न करताच मी म्हटलं, "हो, बाहेरच."

आमच्या विभागात तेव्हा एकच संगणक होता आणि त्याचं सोवळं देवघरापेक्षा कडक होतं. त्याच्यासाठी वेगळी खोली, जाड पडदे, अख्ख्या मजल्यावरचा एकमेव एसी आणि झाकायला प्लॅस्टिकचं आवरण. चपला घालून कोणी आत आलं तर मारोतराव शिपाई त्याला तिथल्या तिथे झापायचे, मग तो विभागप्रमुख का असेना. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. त्या दिवशी दिवाळी होऊन आठवडा लोटला होता, तरी दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून तसाच लटकत होता. काढायचा कोणी, यावर एकमत होत नव्हतं.

त्या देवाची पुजारीण मी. कुंदा ढोमणे, एम. एस्सी. स्टॅटिस्टिक्स, वय बत्तीस, वैद्यकीय महाविद्यालयात सांख्यिकी सहायक. डॉक्टर मंडळींना आकड्यांची धास्ती असते, त्यामुळे माझी चांगली वट होती, आणि ती मला मनापासून आवडायची. खोटं कशाला बोलू?

आत आली ती पन्नाशीची, उन्हानं रापलेली, ताठ पाठीची बाई. खांद्याला कापडी पिशवी. खुर्ची दाखवली तरी ती आधी नीट उभी राहिली.

"मी शेवंता मडावी. कोटमाऱ्याच्या आश्रमशाळेत अधीक्षिका हावो. पोरींचं वसतिगृह माह्याकडं हाये."

"कोटमाऱ्याहून आलात? किती लांब!"

"दोन गाड्या बदलून आली जी. आमची शाळा दुसऱ्या यादीत नाही म्हणतात मोठे गुरुजी. काहून नाही, ते इचारायला आली."

यादी कसली ते सांगते. आमच्या जिल्ह्यात सिकलसेलचा आजार फार. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकतात. थंडीत तर जीव नकोसा होतो. आजार रक्तातून, आईबापाकडून येतो. पण कोणाला आहे हे कळलं, तर त्या मुलाला गोळ्या देता येतात, गार पाण्यापासून जपता येतं आणि दुखणं उठलं की वेळेवर दवाखान्यात नेता येतं. त्या वर्षी एकसष्ट आश्रमशाळांत प्रत्येकी तीसेक मुलांचं रक्त तपासलं होतं. त्यावरून शाळेत किती टक्के मुलांत दोष असेल हे मी काढायचं, आणि जिथं जास्त तिथं दुसऱ्या फेरीत सगळ्याच्या सगळ्या मुलांची तपासणी व्हायची. तपासणीचं साहित्य होतं फक्त वीस शाळांपुरतं.

हिशेब संगणक करायचा. तपासलेली मुलं किती आणि दोष सापडला किती जणांत, हे दोन आकडे घातले की तो टक्केवारी द्यायचा आणि पुढे आणखी दोन आकडे, खालची मर्यादा आणि वरची मर्यादा. बत्तीस मुलांवरून चारशे मुलांबद्दल एकच टक्का छातीठोक सांगणं म्हणजे अंदाजपंचे काम. म्हणून या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत, असं सांगायचं. अशा मर्यादांच्या शंभर जोड्या काढल्या तर त्यातल्या साधारण पंच्याण्णव खरं उत्तर पोटात घेतात, असं आमचं शास्त्र. याला विश्वास अंतराल म्हणतात. मला हे नाव फार आवडायचं.

मी तक्ता उघडून पडदा बाईंकडे वळवला.

"हे बघा. कोटमारा. शाळेची पटसंख्या चारशे दहा. तपासली बत्तीस. दोष सापडला शून्य. टक्केवारी शून्य. अंतराल शून्य ते शून्य."

"म्हंजे?"

"म्हणजे कमीत कमी शून्य आणि जास्तीत जास्त शून्य."

"अख्ख्या शाळेत एक बी नाही?"

"नाही. पंच्याण्णव टक्के खात्रीनं."

 बाईंनी पिशवीतून शाळेची वही काढली आणि मधलं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. ठसठशीत अक्षरात नऊ नावं होती.

"ह्या माह्या पोरी. ही पयली पाहा. जमुना कुमरे, सातवीतली. थंडी पडली का हिचे गुडघे धरतात. उशी तोंडात कोंबून रडते जी, दुसऱ्या पोरी उठू नये म्हणून. हिचा मोठा भाऊ असाच गेला. गुरुजी म्हणतात, पी.टी. चुकवायचं सोंग हाये."

"पण बाई, रक्तात काही सापडलं नाही ना."

"हिचं रक्त घेतलंच कुठं?"

"असं कसं? आम्ही हजेरीपटातून नंबर काढून दिले होते. चिठ्ठ्या टाकतात तसे."

"नंबर तं होते. ते लोक आले, पोरायले पटांगणात रांगेत उभं केलं आन् नंबर पुकारले. जो नंबर रांगेत नाही, त्याच्या मागचं पोर घेतलं. माह्या नऊच्या नऊ पोरी तवा खोलीत पडून होत्या. ज्याचं दुखते ते रांगेत कसं उभं राहीन, मॅडम?"

मी मान हलवली. ऐकलं म्हणायला ऐकलं. पण आश्रमशाळेतली एक अधीक्षिका मला नमुना निवड शिकवते आहे, याचंच मला जास्त लागलं होतं.

"त्या मशीनले एक डाव पुन्हा इचारता का?" बाई म्हणाल्या.

त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी पुन्हा आकडे घातले. बत्तीस. शून्य. उत्तर तेच आलं. डॉक्टरच्या चेहऱ्याकडे घरचे लोक बघतात तशा बाई पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी वही मिटली.

"अडीचची गाडी हाये," म्हणून त्या उठल्या. दारात चपला घालताना वळून म्हणाल्या, "मशीन म्हणते तं असंनच जी. पर ठणकते ना."

त्या गेल्या, आणि माझं कामात लक्ष लागेना. शून्य ते शून्य. हा आकडा मी महिनाभर बघत होते आणि एकदाही खटकला नव्हता. आता खटकला.

मारोतराव चहा घेऊन आले.

"मारोतराव, तुम्हाला सिकल आहे का हो?"

"नाही जी. डायबेटीस हाये."

मी आकडे घातले. तपासले एक, सापडले शून्य. संगणक म्हणाला, शून्य ते शून्य. म्हणजे एकट्या मारोतरावांना तपासून अख्खा जिल्हा निरोगी, तोही पंच्याण्णव टक्के खात्रीनं! मी उलटं घातलं. तपासले एक, सापडले एक. शंभर ते शंभर. मला हसू आलं, आणि लगेच मी सूत्र तपासायला घेतलं.

गोम सूत्रात होती. संगणक आपणहून वापरायचा त्या सूत्रात अंतरालाची रुंदी दोष असलेले आणि नसलेले यांच्या गुणाकारावर ठरते. एक बाजू शून्य झाली की गुणाकार शून्य आणि रुंदीही शून्य. मोजकी मुलं तपासली असतील आणि त्यात एकही सापडलं नसेल, तर ते सूत्र वापरायचंच नसतं. हे मी एम. एस्सी.ला शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण संगणकानं जे पुढ्यात वाढलं ते मी मुकाट्यानं घेतलं. पर्यायांच्या यादीत खाली, महिनाभर मी न उघडलेली, दुसरी पद्धत होती. ती निवडली. बत्तीस. शून्य.

शून्य ते दहा पूर्णांक नऊ टक्के.

चारशे दहाचे दहा पूर्णांक नऊ टक्के म्हणजे चव्वेचाळीस मुलं. त्या आकड्यात चव्वेचाळीस मुलांना जागा होती. वहीतली नऊ नावं त्यात सहज मावत होती.

मी चहा टाकून पाठराबे सरांकडे गेले. डॉ. पाठराबे आमचे विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता, मुळीच नव्हता. उन्हातान्हात जीपनं स्वतः शाळाशाळांतून हिंडलेला होता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"शून्य आलेल्या शाळा किती?"

"चौदा, सर."

"चौदाही शाळांचं असंच होणार. वरची मर्यादा दहा, अकरा, बारा टक्के."

"हो सर."

"आणि जिथं सगळ्यात कमी मुलं तपासली, तिथली मर्यादा सगळ्यात मोठी. म्हणजे जिथं आपण काम कमी केलं, ती शाळा यादीत सगळ्यात वर. हे मी संचालकांना कसं समजावू?"

"निदान कोटमारा तरी घेऊ या, सर. तिथल्या बाई येऊन गेल्या. रांगेत आजारी मुली नव्हत्याच, असं म्हणतात."

सरांनी वीस शाळांची यादी माझ्यापुढे सरकवली आणि वर पेन ठेवलं.

"घ्या. पण एक काढावी लागेल. तुम्हीच सांगा ढोमणे मॅडम, कुठली काढू? यातल्या प्रत्येक शाळेत सापडलेली मुलं आहेत. कोणावर काट मारू?"

मी यादी वाचली. वरून खाली, मग खालून वर. पेन उचलायचा धीर मला झाला नाही.

"हे बघा," सर नरमाईनं म्हणाले, "पुढच्या वर्षी चौदाही शाळा पहिल्यांदा घेऊ. तोवर असं करा, आकडे तसेच ठेवून तक्त्याखाली टीप टाका. नमुना लहान असल्याने शून्य म्हणजे दोष नाहीच, असा अर्थ काढू नये. एवढी एक ओळ."

"चालेल, सर."

मी खोलीत येऊन टीप टाइप केली. दुसऱ्या दिवशी अहवाल छापून नागपूरला गेला आणि तक्त्याची एकेक प्रत प्रत्येक शाळेला पोस्टानं रवाना झाली. मीही हुश्श केलं. चूक कळली, साहेबांच्या कानावर घातली, आणखी काय करणार माणूस? डिसेंबर निघून गेला.

जानेवारीच्या शेवटी बाई पुन्हा आल्या. या वेळी दारातून काही विचारलं नाही. चपलांचा आवाज थेट आत, माझ्या टेबलापर्यंत आला. लालसर मातीनं भरलेल्या वहाणा होत्या, फरशीवर पावलं उमटली. मारोतराव मागोमाग धावत आले, "ओ बाई, चपला!" म्हणाले, आणि बाईंचा चेहरा बघून तिथंच थांबले.

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. चार कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं होती.

"तुमचंच हाये ना हे?"

माझाच तक्ता होता. कोटमाऱ्याच्या ओळीखाली कोणीतरी लाल शाईनं पट्टी धरून रेघ मारली होती.

"गुरुजींनी हापिसात लावला होता," बाई म्हणाल्या. "शून्य आलं म्हणून. येईन त्याले दाखवत."

"बाई, बसा ना."

"नाही बसत." त्या उभ्यानंच बोलू लागल्या, अगदी सावकाश. "संक्रांतीच्या आधी थंडी पडली ना मॅडम, तवा जमुनाचं दुखणं उठलं. पयल्या दिवशी गुडघे, दुसऱ्या दिवशी छाती. मी गुरुजीले म्हटलं, जीप बोलवा. गुरुजी ह्या कागदाजवळ गेले. म्हणाले, मडावीबाई, सरकारची पंच्याण्णव टक्के खात्री हाये. तुमची किती टक्के हाये, सांगा."

मी त्या लाल रेघेकडे बघत होते.

"मले सांगता नाही आलं जी. माही खात्री होती, पर टक्के कुठून आणू? तिसऱ्या दिवशी मीच तिले पाठीवर घेतलं आन् सडकेपर्यंत आली. दुधाच्या गाडीत बसलो. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तवा बोलत होती. सांजेले गेली."

 मारोतराव दाराशी खाली मान घालून उभे होते.

"तिथल्या डॉक्टरनं रक्त पाह्यलं. म्हणे, हे तं जन्मापासूनचं हाये, तुम्ही आतापर्यंत काय करत होता? मले इचारलं जी त्यानं. मले."

बाईंनी कागद टेबलावर पसरला, हातानं सपाट केला आणि वरून खालपर्यंत बोट फिरवलं.

"मी हा कागद लय डाव वाचला, मॅडम. पाठपोट पाह्यला. मले एवढंच सांगा. यात कुठं लिवलं हाये का, का असू बी शकते म्हणून? एखादी ओळ? मले इंग्रजी आकडे समजत नाहीत, म्हणून इचारते. असती तं मी गुरुजीले बोट ठेवून दाखवली असती. एका ओळीवर माणूस बोलू शकते ना जी."

त्यांचं बोट तक्त्याच्या शेवटच्या रेघेखाली, कोऱ्या जागेवर थांबलं होतं.

इतकी वर्षं जे कोणाला सांगितलं नाही, ते आता सांगते. टीप मी टाइप केली होती, अगदी सरांच्या शब्दांत. पण एकसष्ट शाळांचा तक्ता एका पानावर अगदी काठोकाठ बसत होता. टीप घातली की ती एकटी ओळ दुसऱ्या पानावर जायची. अक्षर लहान केलं तर आकडे दिसेनात. समास कमी केला तर प्रिंटर रेघ कापायचा. दोनतीनदा खटपट केली, पाच वाजत आले होते, आणि दुसरं पान अख्खं कोरं, वर एक ओळ, हे मला गचाळ दिसत होतं. माझे तक्ते नीटनेटके असतात अशी माझी ख्याती होती. मी टीप पुसली. तक्ता एका पानावर बसला. सुंदर दिसत होता.

सरांनी सांगितलं होतं. सूत्र मला समजलं होतं. बाईंनी दोन गाड्या बदलून येऊन बजावलं होतं. कोणाचंच काही चुकलं नव्हतं. मला पान नेटकं हवं होतं.

"सांगा ना जी," बाई म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. "यात तसं कुठं लिहिलेलं नाही."

"वाटलंच." त्यांनी मान हलवली. त्यांना राग आलेला दिसला नाही. उलट वाचण्यात आपलीच चूक झाली नव्हती, एवढं कळल्यानं त्या जराशा सैलावल्या. ते मला राग सोसण्याहून जड गेलं. ती ओळ लिहिली होती आणि मी पुसली, हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. कागद तिथंच ठेवून त्या निघून गेल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. बातमी सरांपर्यंत पोचली तेव्हा ते स्वतः माझ्या खोलीत आले, चपला काढून. "आपली टीप तर होती ना खाली?" म्हणाले. मी "हो सर" म्हटलं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पाच वर्षांनी निवृत्त होईपर्यंत तो अहवाल त्यांनी पुन्हा उघडला नाही. मार्चमध्ये कुठून तरी साहित्य मिळालं आणि कोटमाऱ्याची अख्खी शाळा तपासली. पट चारशे नऊ. दोष सापडला सव्वीस जणांत. माझ्या दुसऱ्या अंतरालाच्या पोटात अगदी बरोबर बसत होते. वहीतल्या उरलेल्या आठ मुलींपैकी सात त्यात होत्या. त्यांना गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या दोघी पुढे नर्स झाल्या असं ऐकलं. ऐकून बरं वाटलं, पण तेवढंच.

त्या दुपारी, बाई गेल्यावर, मारोतराव फडकं घेऊन फरशी पुसायला आले. मी म्हटलं, थांबा थोडं. मी संगणकावर तोच तक्ता उघडला. कोटमाऱ्याच्या ओळीत शून्य ते दहा पूर्णांक नऊ घातलं, बाकीच्या तेरा शाळांचे आकडेही बदलले. मग सगळ्यात खाली येऊन टीप लिहिली. नमुना लहान असल्याने शून्य म्हणजे दोष नाहीच, असा अर्थ काढू नये. छापायची आज्ञा दिली.

प्रिंटरमधून दोन पानं आली. दुसऱ्या पानावर ती एकच ओळ होती.